खाडीकडची बाजू

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

वाशीच्या घराचे नकाशे सावकाश बघितले. जिना सुरेख बसवलायस. पण खाडीकडची अख्खी भिंत स्वीडनच्या घरांसारखी काचेची केलीस, तिथे मी अडकले.

स्वीडनचं स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला. डिसेंबरात तिथे भर दुपारी सूर्य जेमतेम ७ अंश वर येतो आणि ६ तासांत दिवस संपतो. म्हणून तिथल्या घरांना मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड; आलेला थोडका उजेड घरभर खेळवायचा. आपण १९ अंशांवर. त्यात वाशीला खाडी पश्चिमेला. जिकडे पाणी आणि रोहित पक्षी, तिकडूनच एप्रिलचं उतरतं ऊन आणि जूनपासून नैर्ऋत्येचा झोडपणारा पाऊस.

ही चूक मी केलेली आहे. पहिल्याच स्वतंत्र कामात अशीच काच लावली, आत पाइनच्या फळ्यांची जमीन. पावसात सरकत्या दाराच्या ट्रॅकमध्ये पाणी साचायचं आणि वारा ते आत ढकलायचा. गणपती येईतो फळ्या फुगून उचलल्या. घरातल्या आजी रोज चार वाजता आपली खुर्ची ओढत मागच्या खोलीत न्यायच्या. खाडीसाठी बांधलेलं घर, आणि संध्याकाळी तिच्याकडे पाठ. फळ्यांवरून खुर्ची ओढल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तू काच दोन मीटर आत घे आणि पुढे पडवी काढ. चारपर्यंतचं ऊन पडवी अडवेल. पाचनंतर ते आडवं येतं, तिथे सागवानी सरकत्या झडपाच हव्यात. जमिनीला फिकट मोझॅक घाल. लाकूड जिथे हात लागतो तिथे ठेव: कठडा, बैठक, दाराची मूठ. फिनलंडमध्ये वास्तुकार आल्व्हार आल्टोने १९३९च्या व्हिला माइरेआ या घरात लोखंडी खांबांना वेत गुंडाळला, तो याच मायेने. वेत तर आपल्याकडचाच!

काँक्रीट एम-३० प्रतीचं घे, सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. खारं वारं सळई खातं. स्लॅब भरायच्या आधी सळईखालचे कव्हर ब्लॉक स्वतः मोज, कंत्राटदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. बिजागऱ्या, स्क्रू गंज रोखणाऱ्या ३१६ स्टेनलेस स्टीलचे.

आणि कांदळवनापासून ५० मीटर मोजलेस ना? उच्च न्यायालयाने २०१८ साली तेवढा पट्टा राखायला सांगितलाय. त्यात पायरीसुद्धा नको. भरतीचा आणि वाऱ्याचा मार तीच झाडं झेलतात.

वाळवणाची जागा नकाशात दिसली नाही. गच्चीत काढ.

रविवारी साडेचारला मी प्लॉटवर येते. या वाशीच्या घरात राहणार आहेत त्या आजींना घेऊन ये, एक खुर्चीही आण. त्या जिथे निवांत बसतील, तिथे आपण चुन्याने काचेची रेघ आखू.

तुझी,
मावशी