आधी हाताला कळू दे, नाव नंतर

प्रश्न: ताई, माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. आकार कळावेत म्हणून फ्लॅशकार्ड आणलेत, गाण्यांचे व्हिडिओपण रोज लावतो, पण "हे काय?" विचारलं की सगळ्यालाच "गोल" म्हणते, त्रिकोण पण गोल आणि चौकोन पण गोल. फार विचारलं की कार्ड भिरकावते. तिच्याच वयाचा शेजारचा मुलगा पाच आकार घडाघडा सांगतो. आमचं काही चुकतंय का?

उत्तर: मुलीचं काही चुकत नाहीये, आधी ती काळजी सोडा. या वयात बहुतेक मुलं आधी सारख्याला सारखं लावतात, मग आपण "गोल कुठाय?" विचारलं की बोट दाखवतात आणि स्वतः नाव सांगणं सगळ्यात शेवटी येतं. तुम्ही शेवटच्या पायरीवर परीक्षा घेताय म्हणून कार्ड उडतंय. महिनाभर "हे काय?" बंदच करा, नाव तुम्हीच घ्या.

घरातले गोल आणि चौकोनी डबे काढा, झाकणं जमिनीवर पसरा आणि गप्प बसा. ती चौकोनी झाकण गोल डब्यावर ठेवेल, कोपरे बाहेर राहतील, मग दाबेल, फिरवेल, तुमच्याकडे बघेल... तेव्हा हात पुढे करू नका हं! कोपरा म्हणजे काय ते ती त्याच अर्ध्या मिनिटात शिकत असते. बसलं की म्हणा, "बसलं! चौकोनावर चौकोन!" आणि तिचं बोट धरून कडेकडेने फिरवा, कोपऱ्यावर जरा थांबा. किंडरगार्टन सुरू करणाऱ्या फ्रोबेलने 19व्या शतकातच लहान मुलांच्या हातात लाकडी गोळा आणि ठोकळा दिला होता, एक घरंगळतो आणि दुसरा बसून राहतो, हे हाताला आधी कळतं. फक्त तोंडात जाईल इतका छोटा तुकडा तीन वर्षांपर्यंत देऊ नका.

आता कार्डांबद्दल. बहुतेक कार्डांवर त्रिकोण एकाच छापाचा असतो, तळ आडवा आणि टोक वर. मग तोच उलटा धरला की मुलांना तो त्रिकोण वाटतच नाही, कारण ती टोकं मोजत नाहीत, एकूण रूप बघतात. म्हणून जाड पुठ्ठ्याचे बारीक, लांबुळके, आडवे पडलेले असे वेगवेगळे त्रिकोण कापा. कार्डपेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि गाणं तुमच्याच आवाजात म्हणा, सूर नसला तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलाय, कमी असेल तर उत्तम. हे घ्या, माझंच जुळवलेलं:

एक टोक, दोन टोकं, तीन टोकं झाली,
त्रिकोणाची टोपी बाळाच्या डोक्यावर आली!

"टोपी" म्हणताना दोन्ही हातांची बोटं जुळवून तिच्या डोक्यावर धरा. चार दिवसांनी "तीन टोकं" पाशी थांबा आणि बघा, "झाली" ती म्हणेल.

शेजारच्या मुलाचं कौतुक जरूर करा, पण तुलना नको. नावं पाठ होणं वेगळं आणि उलटा त्रिकोण ओळखणं वेगळं.

प्रश्न: नातू तीन वर्षांचा आहे. लांबट आयतालाही चौकोनच म्हणतो. टोकावं का? आणि चौकोन काढायला सांगितला की वेडीवाकडी रेघ ओढतो.

उत्तर: आजी, टोकू नका, तो बरोबर बोलतोय! चार कोन ते चौकोन, आयतही त्यातच आला आणि चौरसही. आपल्या भाषेत आकड्याचा सुगावा नावातच आहे, त्रिकोणात तीन आणि चौकोनात चार, तेव्हा कोपरे मोजत मोजतच नाव घ्या. चौरस वेगळा सांगायची आत्ता घाई नाही. काढायचं म्हणाल तर बघून गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, चौकोन चौथ्याच्या आसपास आणि त्रिकोण तर पाचव्याच्या सुमाराला. तोवर पेन्सिल ठेवा बाजूला, जमिनीवर चिकटपट्टीचा मोठा चौकोन करा आणि त्याला कडेवरून चालू द्या, कोपरा आला की "वळ!" म्हणा.