मंत्री किंवा सरपंच व्हायला अनुभवाची अट का नाही?

प्रश्न असा आहे : शिपायाच्या नोकरीलासुद्धा दहावीचं प्रमाणपत्र मागतात, मग ज्याच्या सहीने कोट्यवधी रुपये खर्च होतात त्याला त्या कामाचा अनुभव असण्याची सक्ती का नसावी?

आधी सांगतो, तुम्ही एकटे नाही. २६ नोव्हेंबर १९४९ला, राज्यघटना स्वीकारण्याच्या दिवशीच, डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी संविधान सभेत हीच खंत बोलून दाखवली होती. कायदा राबवणाऱ्याला मोठी पात्रता हवी आणि कायदा करणाऱ्याला निवडून येण्यापलीकडे काहीच नको, हे त्यांना विसंगत वाटत होतं. घटनेत मात्र नागरिकत्व, वय (लोकसभा-विधानसभेला २५ वर्षं) अशाच मोजक्या अटी राहिल्या. माझ्या मते तेच बरं झालं. का, ते माझ्या नोकरीतल्या एका दुपारवरून सांगतो.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. मराठवाड्यातलं एक गाव. २०१७ला सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा आला, त्यात १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सातवी पासची अट घातली होती. आमच्या या सरपंचबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. वयाने मोठ्या म्हणून अटीतून सुटल्या. आयुष्य रोजगार हमीच्या कामावर माती उपसण्यात गेलेलं. पहिले सहा महिने नवराच खुर्चीत बसायचा आणि बाई दाराशी. कोऱ्या कागदावर सह्यासुद्धा झाल्या असतील, मी नाकारत नाही.

त्या दिवशी मी दफ्तर तपासणीला गेलो होतो. पांदण रस्त्यावर, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेवर, मुरूम टाकल्याचं बिल समोर होतं. मोजमाप पुस्तिका भरलेली, अभियंत्याची सही झालेली, चेकवर फक्त बाईंची सही बाकी. त्यांनी पदर सावरत विचारलं, "सायेब, किती ब्रास लिवलंय?" मी वाचून सांगितलं, चाळीस. (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट.) बाई म्हणाल्या, "ट्रॉल्या तर बावीस आल्या. घराच्या ओट्यावर बसून मोजल्या म्या. एका ट्रॉलीत एक ब्रास बी धड बसत न्हाई."

कार्यालयात कुणी बोलेना. ग्रामसेवक माझ्याकडे बघतो, मी बिलाकडे. शेवटी रस्त्यावर गेलो. बाईंनीच एका पोराला पहार मारायला लावली. कागदावर थर पंधरा सेंटीमीटर, पहार चार बोटांतच काळ्या मातीत गेली. आयुष्यभर ज्या बाईने खोदलेली माती मोजून घेतली, मोजणीसाठी मधे सोडलेला मातीचा खुंट कुणी वरून तासून कामगारांची मजुरी कशी कमी करतो हे पाहिलं, तिला मोजमाप कसं चोरतात हे कुणी शिकवायची गरज नव्हती. बिल निम्म्यावर आलं.

आता हा अनुभव 'संबंधित' की 'असंबंधित'? अर्जाच्या कुठल्या रकान्यात तो भरणार?

शेजारच्याच गावात तीन वेळा सरपंच झालेले गृहस्थ होते. रोकड वही, नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंदवही), ठरावांचं रजिस्टर, सगळं आरशासारखं लख्ख. त्यांच्या दफ्तरात मला कधी शाईचा डाग सापडला नाही. पाण्याच्या टाकीची कागदंही चोख होती, फक्त टाकीत पाणी कधी चढलं नाही. अनुभव दांडगा होता, पण कशाचा, हे गावाला उशिरा कळलं.

मोठ्या पातळीवर यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. चीन युद्धात, १९६२च्या नोव्हेंबरात, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले, त्यांच्या जागी यशवंतराव दिल्लीला गेले आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला'. वकिली शिकलेला कऱ्हाडकडचा माणूस, सैन्याचा अनुभव शून्य. १ सप्टेंबर १९६५ला पाकिस्तानी रणगाडे जम्मूकडच्या छांबमध्ये घुसले, दुपारी लष्करप्रमुख आणि हवाई दलाचे प्रमुख विमानं वापरायची परवानगी मागायला आले. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि संध्याकाळच्या आत पठाणकोटहून विमानं उडालीसुद्धा. विमान कसं उडवायचं हे जाणणारे समोरच बसले होते. अडलं होतं ते हो म्हणून त्याचा भार स्वतःच्या डोक्यावर घेणाऱ्यावाचून.

तज्ज्ञ मंत्री नकोतच असं मी म्हणत नाही. सी. डी. देशमुख आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, आणि मग देशाचे अर्थमंत्री. याहून जुळणारा अनुभव कुठला आणणार? पण गंमत बघा, आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते अर्थसंकल्पासाठी क्वचितच. १९५६ला मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, ते लोकांनी लक्षात ठेवलं. आणि वसंतदादा पाटील शाळा फारशी न शिकलेले; मुख्यमंत्री असताना त्यांनीच १९८३ला विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. त्याचं भलं किती आणि वाटोळं किती, यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल. माझा स्वतःचा पुतण्या त्यातल्याच एका महाविद्यालयातून निघाला आणि आता कापडाचं दुकान चालवतो.

कायद्याने अट घातली की काय होतं तेही दिसलं आहे. हरियाणाने २०१५ला पंचायतीच्या उमेदवाराला शिक्षणाची अट घातली, घरात शौचालय हवं असंही म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. राजस्थाननेही शिक्षणाची अट आणली होती, ती २०१९ला काढून टाकली. अशा चाळणीतून आधी कोण गळतं? आमच्या सरपंचबाई गळतात. तीन टर्मवाले गृहस्थ आरामात पार होतात.

तरी तुमच्या प्रश्नातली चीड खोटी नाही. अननुभवाची किंमत मी पाहिली आहे. सरपंचाच्या डिजिटल सहीचा डोंगल ग्रामसेवकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेला मी कितीदा तरी पाहिला. खात्यातून पैसे गेले की सरपंचाला गावातल्या दुसऱ्याकडून कळायचं. प्रशिक्षण म्हणजे दोन-तीन दिवस, जेवण उत्तम, आणि घरी न्यायला एक जाड पुस्तिका.

महाराष्ट्रात यावर एक साधा उपाय होता, शिडी. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि राजकारण्यांना चुका करायला एक लहान जागा मिळाली. विलासराव देशमुख आधी बाभळगावचे सरपंच. आर. आर. आबा आमदार होण्याआधी कितीतरी वर्षं सांगली जिल्हा परिषदेत. पुढे ग्रामविकास खातं आलं तेव्हा त्यांनी काढलेलं गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान गावागावांत भिनलं, कारण गावात झाडू कोण मारतं आणि कोण नुसता फोटोला उभा राहतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हीच शिडी आपण मधल्या काळात काढून घेतली. २०२२च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेसह कितीतरी महापालिकांची आणि जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासकच बसले. आमदारकीच्या आधीच्या पायऱ्याच नसतील तर वर येणारा एक तर साहेबांचा मुलगा असतो, नाही तर साहेबांचा ठेकेदार.

त्या बाईंची मुदतही २०२२ला संपली. सरपंचपदाचं आरक्षण बदललं, नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला आणि बाई पुन्हा खुरपणीला जाऊ लागल्या. मी तोवर निवृत्त झालो होतो. एकदा त्यांचा फोन आला. आपल्या गणातून (मतदारसंघातून) पंचायत समितीला उभं राहायचं म्हणत होत्या, कागदपत्रंही काढून ठेवली होती. पुढची दोन वर्षं दर दिवाळीला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "सायेब, इलेक्शन कवा लागतंय?"