जुन्या दागिन्यांचा नाद लागलाय? मग आधी हे वाच

भावा, पहिले काही महिने खिशात हात घालूच नकोस. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये जा, तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू डोळे भरून बघ. मग गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात जा, चांदीकामासाठी नावाजलेल्या हुपरीच्या कारागिरांशी बोल. आजचं काम कसं होतं हे कळल्याशिवाय जुनं ओळखता येत नाही.

वस्तू हातात आली की नक्षी नंतर, आधी झीज बघ. वर्षानुवर्षं वापरलेला वाळा आतून गुळगुळीत असतो, कडा बोथट झालेल्या असतात, आणि झीज जिथं घासतं तिथंच जास्त असते. सगळीकडं सारखाच काळपटपणा, खाचेत ओल्या फडक्याला लागणारा हिरवा रंग? ठेव खाली. 'शिवकालीन' म्हणून गळ्यात मारलेलं बरंच काही शंभर वर्षांचंही नसतं.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथं:

- चिंच, लिंबू लावून लख्ख करणं. जुनी झाक गेली की परत येत नाही, किंमतही जाते.
- विक्रेत्याच्या गोष्टीला पैसे मोजणं. वाड्यातलं, सरदाराचं वगैरे ऐकून घ्यायचं, हसायचं, वजन करायला सांगायचं.
- शेतात सापडलेलं घेणं. जमिनीतल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, १८७८ चा कायदा आहे.

शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. परवानाधारकाकडूनच घे, पावती माग.

सुरुवात चांदीच्या साध्या जोडव्यांपासून कर. सोन्याचा कोल्हापुरी साज राहू दे सध्या, त्यात आत भरलेली लाख किती न् सोनं किती हे भल्याभल्यांना कळत नाही.