वाचकांचे प्रश्न : गाणं तयार आहे, प्लेलिस्टवर कसं जाईल?

प्रश्न : आमच्या तिघांच्या बँडचं पहिलं मराठी गाणं मास्टर होऊन, म्हणजे अंतिम स्वरूपात तयार होऊन, आलंय. स्पॉटिफायच्या संपादकांपर्यंत ते पोहोचवायचं तर काय करायचं? कुणाची ओळख लागते का? (सातारा)

ओळखीची गरज नाही. संपादकीय प्लेलिस्टसाठी, म्हणजे संपादक निवडतात त्या गाण्यांच्या यादीसाठी, 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स' या कलाकारांसाठीच्या सोयीतून गाणं पिच करायचं, म्हणजे सुचवायचं. त्याला पैसे पडत नाहीत. मात्र गाणं तोवर प्रसिद्ध झालेलं नसावं, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणं स्पॉटिफायसारख्या ॲप्सवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) गाणं चढवताना 'लवकरात लवकर' हा पर्याय निवडला की ते थेट बाहेर येतं आणि मग पिच करता येत नाही. म्हणून प्रकाशनाची तारीख चढवायच्या दिवसापासून निदान चार आठवडे पुढची, शक्यतो शुक्रवारची ठेवा. त्यातला पहिला आठवडा तपासणीत जातो, आणि कव्हरमध्ये किंवा नावात खोट निघाली तर दुसराही.

पाठवायची फाइल वाव्ह असावी, एमपी३ नको. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर फोन नंबर, वेबसाइट, इन्स्टाग्रामचं चिन्ह काहीही नको, त्यावरूनच गाणी परत येतात. मास्टरचा आवाज उगाच फुगवू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या पातळीचं माप) सगळी गाणी एका पातळीवर आणतं, त्यामुळे ठासून भरलेलं मास्टर ऐकताना खाली ओढलं जातं आणि ढोलकीची थाप मात्र आधीच चेपलेली असते.

गाणं 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'च्या 'आगामी' गाण्यांत दिसू लागलं की पिच करा. प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी केलं तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत जातं, संपादकांनी निवडलं नाही तरीही. नव्या बँडला याचाच फायदा जास्त होतो, म्हणून तारखेआधीचा सगळा जोर फॉलोअर्स जोडण्यावर द्या. एका वेळी एकच गाणं पिच करता येतं. अल्बम असेल तर त्यातलं सर्वांत जोरकस गाणं निवडा. शीर्षकगीतच हवं असं नाही.

फॉर्ममध्ये प्रकार, भाव, वाद्यं आणि भाषा विचारतात. इथे खरं तेच भरा. गोंधळाच्या ठेक्यावरचं गाणं जास्त लोकांपर्यंत जाईल या आशेने 'पॉप' म्हणून टाकलं, तर ते ज्यांना ऐकवलं जाईल ते अर्ध्यात सोडतील, आणि तीच नोंद पुढे गाण्याच्या विरोधात जाते. शेवटी ५०० अक्षरांची जागा असते. तिथे 'आम्ही खूप मेहनत घेतली आहे' लिहून ती वाया घालवू नका. 'संबळ आणि अकूस्टिक गिटार, गोंधळाचा ठेका, ऊसतोडीला गेलेल्या बापाला मुलीने लिहिलेलं पत्र. व्हिडिओ त्याच शुक्रवारी, पुढच्या आठवड्यात पुणे आणि कोल्हापूरला कार्यक्रम' एवढ्यात गाणंही कळतं आणि तुमची तयारीही. मजकूर साध्या इंग्रजीत लिहा. वाचणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही. प्रकाशनापर्यंत तो बदलता येतो.

ॲपल म्युझिकसाठी डिस्ट्रिब्युटरमार्फत जावं लागतं. तुमचा डिस्ट्रिब्युटर तिथे गाणी सुचवतो का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. स्वस्त योजनांमध्ये बहुधा ही सोय नसते.

प्रश्न : तीन हजार रुपयांत 'पाच हजार स्ट्रीम्सची हमी' देणारे मेसेज येतात. घ्यावं का? (नाशिक)

नको. खरा श्रोता किती वेळा ऐकेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. हमी देणारा यंत्राने गाणं वाजवतो. स्पॉटिफाय असे स्ट्रीम्स मोजणीतून काढतं आणि त्यांचे पैसे देत नाही. शिवाय २०२४ पासून उघडउघड बनावट स्ट्रीम्स सापडलेल्या गाण्यामागे डिस्ट्रिब्युटरला दंड लागतो. तो कलाकाराकडून वसूल होऊ शकतो, काही वेळा गाणंच उतरवलं जातं.

बनावट स्ट्रीम्स देणारी यादी (प्लेलिस्ट) ओळखता येते. नाव गुळमुळीत, त्यात मराठी लावणीशेजारी ब्राझिलियन फंक, आणि फॉलोअर्स भरपूर असूनही त्यातल्या गाण्यांना ऐकणारे नाहीत. तुमच्या आकडेवारीत एका अनोळखी शहरातून एकदम उसळी दिसते, पण गाणं सेव्ह करणारे जवळजवळ शून्य. न विचारता कुणी तुमचं गाणं अशा यादीत टाकलं असेल तर गप्प बसू नका. स्पॉटिफायच्या तक्रार-फॉर्ममधून ती यादी कळवा आणि त्याच दिवशी डिस्ट्रिब्युटरलाही लिहून ठेवा. याद्या करणाऱ्यांकडे गाणं पाठवायच्या सबमिटहबसारख्या वेबसाइटवर पैसे पडतात ते ऐकून उत्तर देण्याचे, जागेचे नाहीत. तो मार्ग रीतसर आहे. तरी मराठी गाण्यासाठी तिथे मोजकेच ऐकणारे मिळतील, म्हणून मराठी इंडीच्या (स्वतंत्र कलाकारांच्या गाण्यांच्या) याद्या करणाऱ्या मंडळींना स्वतः शोधून चार ओळी लिहिणं अधिक कामाचं.

प्रश्न : तुकोबांचा अभंग जुन्या रेकॉर्डवरच्या चालीत नव्याने गायलाय. शब्द तर सगळ्यांचेच. अडचण येईल का? (पंढरपूर)

येऊ शकते. शब्द मुक्त आहेत, चाल तशी नाही. भारतीय कायद्याने संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं त्याचा हक्क राहतो. म्हणजे १९७० साली वारलेल्या संगीतकाराची चाल २०३० अखेरपर्यंत सुरक्षित आहे. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, त्यामुळे १९६० च्या रेकॉर्डवरचा हक्क संपला तरी चालीवरचा उरतो. तेव्हा हक्कदाराची लेखी परवानगी काढा. एचएमव्हीचा जुना संग्रह आज सारेगामाकडे आहे. चाल दिंडीत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी असेल, तर गीतकार 'संत तुकाराम' आणि संगीत 'पारंपरिक' असं लिहा. यूट्यूबवरून उतरवलेला कराओके ट्रॅक मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरू नका. प्लेलिस्टवर चढलेलं गाणं दाव्यामुळे मध्येच उतरलं, तर ती जागा परत मिळत नाही.

प्रश्न : माझं गाणं माझ्याच नावाच्या दुसऱ्या गायकाच्या पानावर गेलं. (पणजी)

डिस्ट्रिब्युटरला दोन्ही पानांच्या लिंक पाठवून दुरुस्ती मागा. पुढच्या वेळी गाणं चढवतानाच आपल्या पानाची लिंक द्या आणि नावाचं स्पेलिंग दर वेळी तेच ठेवा. एका 'ए'च्या फरकानेही नवं पान तयार होतं आणि फॉलोअर्स जुन्याच पानावर राहतात.

प्रश्न : दोन आठवड्यांत तीनशेच स्ट्रीम्स. काढून पुन्हा टाकू का? (छत्रपती संभाजीनगर)

काढू नका. 'रिलीज रडार'मध्ये गाणं चार आठवड्यांपर्यंत येऊ शकतं. स्पॉटिफायच्या 'डिस्कव्हर वीकली' आणि 'रेडिओ' या आपोआप बनणाऱ्या याद्या श्रोत्यांच्या वागण्यावर चालतात आणि जुनं गाणंही उचलतात. कुणी सेव्ह केलं, कुणी स्वतःच्या यादीत घातलं, कुणी ३० सेकंदांच्या आत सोडलं, हे पाहा. त्या ३० सेकंदांआधी सोडलेलं ऐकणं स्ट्रीम म्हणून मोजलंच जात नाही, म्हणून आलाप लांबलचक असेल तर पुढच्या गाण्यात विचार करा. मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम्स झाल्याशिवाय स्पॉटिफाय ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देत नाही. नव्याने टाकून मोजणी शून्यावर आणण्यात तोटाच आहे. डिस्ट्रिब्युटर बदलायचाच असेल तर तोच आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक), तेच शीर्षक, तीच फाइल वापरा, आणि नवीन प्रत दिसू लागल्यावरच जुनी उतरवा.

गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे डिस्ट्रिब्युटरकडून येणाऱ्या रकमेत नसतात. त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सदस्यत्व घेऊन प्रत्येक गाण्याची नोंद करावी लागते, आणि बँडमध्ये कुणाचा किती वाटा हे त्याआधी कागदावर ठरवून घ्या.