चित्रासमोर बसवून विचार

बाळ,

आपल्याकडे जतनाला आलेल्या चित्राबद्दल तू खुद्द चित्रकार सरांना विचारायला गेलीस, त्या मुलाखतीची वही वाचली. बेचाळीस प्रश्नांची छापील प्रश्नावली, आणि बहुतेक रकान्यांत एकच उत्तर: 'सर म्हणाले, जे मिळालं ते लावलं.' दोन तास सर गोदावरीचे पूर, सिंहस्थ आणि स्वतःचे गुरुजी यांवर बोलले आणि तू उठताना म्हणाले, 'निळं उडालंय ना? आण चित्र, भरून देतो.' आता द्यावं की नाही, हा तुझा घोळ.

आधी मला सांग, चित्र कुठे होतं? कपाटात. पंचवटीतल्या त्या खोलीत तू प्रश्नावली घेऊन गेलीस आणि मोबाइलवरचा फोटो दाखवलास. अगं, चित्रकाराला चित्रासमोर बसवून विचार. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पस्तिशीतला रंग कोणाला आठवतो? पण चित्राचा तोच कागद हातात आला, उजेडात तिरका धरला, की जिथे पात्याने खरवडलं होतं तिथे अंगठा आपोआप जातो.

निळ्याचंच घे. दौतीतली शाई असेल तर ती उजेडाने उडाली, उरलेलीही उडेल, आणि पाण्याचा थेंब लागला तर पसरेल. जुनी पुडीतली, कपड्यांना घालायची नीळ (अल्ट्रामरीन) असेल तर ती उजेडाला दाद देत नाही, पण आम्लाने मरते. मग कागद आणि मागचा पुठ्ठा तपासावा लागेल. प्रयोगशाळा पदार्थ सांगेल. तो का लावला, फिकटच हवा होता का, हे एकच माणूस सांगेल, तेही चित्र समोर असेल तर.

ह्यूस्टनच्या मेनिल संग्रहालयात चित्रजतन करणाऱ्या कॅरोल मॅनकुसी-उंगारो यांनी 1990 पासून कलावंतांना त्यांच्याच कामांसमोर उभं करून कॅमेऱ्यावर बोलतं केलं. त्याआधी त्याच शहरातल्या रोथको चॅपल या प्रार्थनागृहातली, चित्रकार मार्क रोथकोची चित्रं त्यांच्या हाताखालून गेली होती. काळपट चित्रांवर पांढुरकेपणा चढत होता आणि रोथको 1970 मध्येच गेलेला. मग त्याच्या मदतनिसांना गाठावं लागलं, तेव्हा रंगात अंडं, तेल आणि डामर नावाची झाडाची राळ कशी घोटायचे ते कळलं.

सरांच्या घरातही मदतनीस होती आणि तू रेकॉर्डर बंद केलास! वहीच्या कोपऱ्यात तुझ्याच अक्षरात आहे: काकू आतून म्हणाल्या, 'सरस माझ्याच दुधाच्या पातेल्यात शिजायचा.' (सरस म्हणजे रंगात घालायचा, जनावरांच्या कातड्या-हाडांचा चिकट पदार्थ.) आणि पुढे कंसात 'विषयांतर'. विषयांतर?

रागावतोय, कारण मी यापेक्षा वाईट केलंय. मित्राने काढलेलं रामकुंडाचं एक जलरंगचित्र माझ्याकडे आलं होतं. आभाळ पिवळट-तांबूस, मला वाटलं, पावसाळ्याचे डाग. सावकाश, हळुवार, अभिमानाने धुऊन काढलं. मित्र कॉलेज रोडला राहायचा, सायकलवर दहा मिनिटं. तो चहाच्या पाण्याचा हात होता, त्याने मुद्दाम दिलेला. चित्र बघून 'स्वच्छ झालं' एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला. आता, कागदावर बुरशी खरंच होती. मालकाला चार दिवसांत चित्र हवं होतं. त्या काळी असं विचारायला कोणी जातही नसे. कोणाचीही फसगत झाली असती. पण झाली माझी.

सरांना त्या चित्राला ब्रश लावू देऊ नकोस. पस्तिशीतल्या कामावर आजचा हात फिरला की ते दुसरंच चित्र होतं. मात्र 'भरून देतो' हे वाक्य तारीख घालून जसंच्या तसं उतरव. पुढच्या वर्षी 'उडालेलंच बरं दिसतं' म्हणतील, तेही उतरव. त्यांचा शब्द साक्ष म्हणून जपायचा, हुकूम म्हणून पाळायचा नाही. त्यांना वेगळा कागद दे: 'सर, तेव्हा लावलंत तसं इथे लावून दाखवा.' त्यांचा मान राहतो, आपल्याला नमुना मिळतो.

गुरुवारी सकाळी जा, खिडकीत ऊन यायच्या आत. चित्र दोन पुठ्ठ्यांत घालून रिक्षाने ने. पाऊस असेल तर जाऊच नकोस. प्रश्नावली घरी ठेव. चित्र समोर ठेव आणि गप्प बस. नंतर काकूंनाही त्याच चित्रासमोर बसव. ते पातेलं अजून माळ्यावर असेल तर उतरवून घे. तळाला सरस चिकटलेला असू शकतो.