अ‍ॅसिड बास जमवायचाय? आधी स्लाइड समजून घे

प्रीसेट (तयार आवाज) शोधत बसू नकोस. तुला आवडलेल्या ट्रॅकमधला तो पिळवटलेला अ‍ॅसिड बास रोलँडच्या टीबी-३०३ या बास सिंथेसायझरचा आहे. १९८१ चं यंत्र, ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग) एकच! मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच त्यावर राग वाजवलेत, जरूर ऐक.

सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथेसायझर फुकट मिळतो, तो घे. मोनो मोड (एका वेळी एकच सूर), एकच सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर), इफेक्ट्स सगळे बंद. लो-पास फिल्टर वरच्या पट्टीचा आवाज कापतो; त्याचा कटऑफ (कापायची सीमा) खाली, रेझोनन्स (त्या सीमेवरचा उठाव) शिट्टी वाजायच्या बेतात येईपर्यंत वर. फिल्टर एन्व्हलप प्रत्येक नोटला फिल्टर उघडतो-मिटतो; त्याचे अ‍ॅटॅक (उघडायचा वेळ) आणि सस्टेन (टिकणारी पातळी) शून्य; डिके (मिटायचा वेळ) कानाने ठरव.

एवढं करूनही आवाज निर्जीव वाटेल. मी कित्येक महिने फिल्टरच फिरवत होतो, पण खरी गोम सुरांच्या जोडणीत होती. ३०३ वर स्लाइड लावली की एन्व्हलप नव्याने सुटत नाही, सूर पुढच्या सुरावर नुसता घसरतो, मींड घेतल्यासारखा. म्हणून लेगाटो (जोडलेल्या नोटला एन्व्हलप नव्याने न सुटणं) चालू कर, ग्लाइड (घसरायचा वेळ) साधारण ६० मिलिसेकंद ठेव आणि पॅटर्नच्या सोळा नोट्सपैकी तीन-चारच लांबवून पुढच्या नोटवर थोड्या चढव. अ‍ॅक्सेंटच्या (जोर द्यायच्या) नोटला आवाज वाढव, फिल्टरही जास्त उघडू दे.

डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) सगळ्यात शेवटी. मूळ ट्रॅकचा एकच बार (आवर्तन) अर्ध्या वेगाने लूपवर लाव आणि कुठली नोट घसरते ते वहीत लिहून काढ.