अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीतली एखादी इमारत 'नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस' या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत असेल, तर मालकाला ती पाडता येत नाही का?

येते. निदान या यादीमुळे तरी अडत नाही. यादी अमेरिकी केंद्र सरकारची, १९६६ च्या कायद्याने सुरू झालेली, आणि ती नॅशनल पार्क सर्व्हिस हे केंद्राचं राष्ट्रीय उद्यान खातं सांभाळतं. मालक स्वतःच्या पैशाने तोडफोड करत असेल, तर ती त्याला रोखत नाही. खरा अंकुश असतो स्थानिक शहराच्या नियमांचा, त्यामुळे आधी सिटी हॉलमध्ये चौकशी करा. शिवाय खासगी मालकाने रीतसर हरकत घेतली, तर त्याची इमारत यादीत घालताच येत नाही.

केंद्राचा पैसा, परवाना किंवा जागा गुंतली की मात्र चित्र बदलतं. मॉफेट फील्ड या विमानतळावरचा 'हँगर वन' घ्या. १९३० च्या दशकात 'मेकन' या वायू भरलेल्या अवाढव्य हवाई जहाजासाठी (एअरशिप) बांधलेला, हजार फुटांहून लांब. त्याच्या पत्र्यांमधून विषारी रसायनं झिरपत होती. पण जागा सरकारी, वास्तू ऐतिहासिक. पाडायची की ठेवायची यावर वर्षानुवर्षं खल झाला. शेवटी पत्रे उतरवले, सांगाडा राखला.

यादीत नुसते वाडे-महालच नाहीत, बरं का. सॅन होजेचं विंचेस्टर हाऊस हा प्रचंड वाडा आहेच, पण ह्युलेट-पॅकार्ड कंपनी जिथे सुरू झाली ते पालो आल्टोतलं गॅरेजही २००७ पासून आहे. बारा बाय अठरा फुटांची लाकडी शेड! आत सोडत नाहीत, फुटपाथवरूनच बघायची.

करसवलतीच्या आशेवर असाल तर २० टक्क्यांची केंद्रीय सवलत उत्पन्न देणाऱ्या वास्तूंनाच मिळते, राहत्या घराला नाही.